'नाइस' या इंग्रजी विशेषणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकणाऱ्या माणसाला अगदी सुरुवातीला भेटणाऱ्या शब्दांपैकी 'नाइस' हा एक. 'छान' एवढा अर्थ कळला की आपण पुढे जातो. पण या शब्दाच्या मागे सातशे वर्षांहून जास्त काळाचा इंग्रजी इतिहास आहे, त्याआधीचा फ्रेंच आणि लॅटिन इतिहास वेगळाच. त्यात 'मूर्ख'पासून 'काटेकोर'पर्यंत बरेच अर्थ येऊन गेले. जुनं इंग्रजी साहित्य वाचताना ते माहीत नसले, तर वाक्याचा उलटाच अर्थ लागू शकतो. या शब्दाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

आज 'नाइस'चा नेमका अर्थ काय?

दोन अर्थ मुख्य. वस्तू, जागा, हवा, अनुभव यांच्याबद्दल बोलताना 'छान, सुखद, आवडेल असं'. माणसाबद्दल बोलताना 'स्वभावाने चांगला, दुसऱ्याशी नीट वागणारा'. 'शी इज नाइस' म्हणजे ती दिसायला छान आहे असं नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. रूपाबद्दल बोलायचं असेल तर इंग्रजीत 'नाइस-लुकिंग' असं वेगळं म्हणतात. मराठीत 'छान मुलगी' म्हटलं की दिसणं आणि वागणं दोन्ही त्यात येऊ शकतं, म्हणून इथे गोंधळ होतो.

स्तुतीच्या पायऱ्या लावल्या तर 'नाइस' मधल्या पायरीवर बसतो. 'गुड'इतका ठाम नाही, 'वंडरफुल'इतका उत्साही नाही. सूर कोरडा ठेवून नुसतं 'नाइस' म्हटलं तर 'बरं आहे' एवढंच ऐकू येतं. उलट 'हाउ नाइस!' मनापासून म्हटलं तर ऐकणाऱ्याला खरंच बरं वाटतं. 'दॅट्स नाइस ऑफ यू' मध्ये आभार असतात. आणि एखाद्याने घोळ घातल्यावर 'अ नाइस मेस' म्हटलं, तर तो सरळसरळ टोमणा असतो, आपण 'छान! छान केलंस हो!' म्हणतो तसा.

हा शब्द आला कुठून?

लॅटिनमधून, फ्रेंचमार्गे. लॅटिनमध्ये 'नेस्कियुस' म्हणजे 'न जाणणारा, अज्ञानी'. त्याचे दोन भाग: 'ने' म्हणजे नाही आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. आपल्या 'अज्ञ' या शब्दाची रचना अगदी अशीच आहे, आधी नकार आणि मग 'जाणणारा'.

लॅटिनचं रूप जुन्या फ्रेंचमध्ये झिजून 'नीस'सारखं झालं आणि अर्थ 'साधाभोळा, बावळट, मूर्ख' असा झाला. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर पुढची काही शतकं तिथल्या दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच होती. त्या काळात हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. हा त्यांपैकीच एक, साधारण तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेला. इंग्रजीत आला तेव्हा अर्थ तोच होता: मूर्ख.

गंमत अशी की फ्रेंचमध्ये हा शब्द पुढे वापरातून गेला. स्पॅनिशमध्ये मात्र त्याच लॅटिन शब्दापासून आलेला 'नेसिओ' आजही आहे आणि त्याचा अर्थ अजूनही 'मूर्ख, हट्टी' असाच आहे. एकाच मुळाचे दोन शब्द, एक शिवी आणि एक स्तुती.

'स्किरे'पासून आणखी कोणते शब्द आले?

'सायन्स' हा त्यातला सगळ्यात मोठा. 'कॉन्शन्स' म्हणजे सद्सद्विवेक, 'कॉन्शस' म्हणजे जाणीव असलेला, 'ऑम्निशंट' म्हणजे सर्वज्ञ, 'प्रेशंट' म्हणजे पुढचं आधी जाणणारा, हे सगळे याच घरातले. 'नेशंट' असाही एक इंग्रजी शब्द आहे. तो फारसा कुणी वापरत नाही, पण त्याने 'अज्ञानी' हा जुना अर्थ तसाच्या तसा धरून ठेवला आहे.

आणखी मागे गेलं तर भाषाशास्त्रज्ञ 'स्किरे'चं नातं 'कापणे, वेगळं करणे' या अर्थाच्या फार प्राचीन धातूशी जोडतात. संस्कृतातला 'छिद्', ज्यापासून आपले 'छेद' आणि 'विच्छेद' आले, तो याच कुळातला मानला जातो. एक गोष्ट दुसरीपासून वेगळी करता येणं म्हणजे ती जाणणं, असा हा विचार. मला तो फार सुंदर वाटतो. पुढे 'नाइस'ला 'बारीक फरक ओळखणारा' असा अर्थ आला, तेव्हा नकळत तो आपल्या मुळाच्या बरोबर उलट टोकाला जाऊन पोचला.

'मूर्ख'वरून 'छान'पर्यंत हा शब्द पोचला तरी कसा?

एका उडीत नाही. मधे बरीच ठिकाणं लागली आणि काही ठिकाणी एकाच वेळी चार-चार अर्थ नांदत होते.

चौदाव्या आणि पंधराव्या शतकात 'मूर्ख' या अर्थाला फाटे फुटले. मूर्ख म्हणजे उथळ, उथळ म्हणजे नको इतका नटवा, चैनी, चंचल, अशी एक वाट. दुसरी वाट: भोळा म्हणजे लाजरा, बुजरा, पटकन पुढे न येणारा. या दोन्ही वाटा एका जागी येऊन मिळाल्या असं दिसतं. कपड्यांचे नको तितके चोचले करणारा माणूस आणि कशालाही हात लावायला संकोचणारा माणूस, दोघेही 'नखरेल, चोखंदळ'. चौदाव्या शतकाच्या शेवटाकडे 'नाइस' या अर्थाने वापरात आलेला आढळतो.

इथे शब्दाने कूस बदलली. कारण चोखंदळपणा हा दोषही असतो आणि गुणही. खाण्यात खोड काढणारा माणूस कटकट्या, पण हिऱ्यात खोड काढणारा जाणकार. सोळाव्या शतकापर्यंत 'नाइस'ला 'काटेकोर, बारकाईने पाहणारा' हा अर्थ आला. मग ज्याला अशी बारीक नजर लागते त्या गोष्टीलाही तेच विशेषण लागलं: नाजूक, सूक्ष्म, अवघड. बारीक नजर असलेल्याची निवड चांगलीच असणार, म्हणून 'सुसंस्कृत अभिरुचीचा'. आणि अशा अभिरुचीला जे रुचतं ते 'छान'.

आजच्या 'सुखद, छान' या अर्थासाठी कोशकार सहसा 1769 मधला वापर दाखवतात. 'प्रेमळ, भला' हा अर्थ त्याहून नवा, साधारण 1830 च्या सुमाराचा. 1755 मध्ये सॅम्युएल जॉन्सनचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश निघाला. त्यात 'नाइस'पुढे नको तितका अचूक, दक्ष, खोडी काढणारा, नाजूक, परिष्कृत असे अर्थ आहेत. म्हणजे आज आपण ज्याला या शब्दाचा पहिला अर्थ मानतो, तो सगळ्यात शेवटी आला.

वर सांगितलेली साखळी सरळ दिसते, पण प्रत्यक्षात ती तशी नव्हती, हेही सांगायला हवं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनीच नोंदवलं आहे की सोळाव्या-सतराव्या शतकातल्या बऱ्याच वाक्यांत लेखकाला कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सांगणं अवघड आहे. माझ्या मते शब्द बदलण्याचं खरं कारणही यातच आहे. एकच वाक्य दोन अर्थांनी बसत असेल, तर बोलणारा एक अर्थ ठेवतो, ऐकणारा दुसरा उचलतो, आणि पुढच्या पिढीला दुसराच पहिला वाटू लागतो.

जुन्या साहित्यात हे अर्थ दिसतात का?

दिसतात, आणि पाहण्यासारखे आहेत.

चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये बाथ गावच्या बाईची कथा आहे. एका सरदाराला शोधून काढायचं असतं की स्त्रियांना सगळ्यात जास्त काय हवं असतं. त्याला नाना उत्तरं मिळतात. त्यातलं एक असं की कुणी आमचे दोष काढू नयेत, उलट आम्ही 'वाइज' आहोत, जराही 'नाइस' नाही, असं म्हणावं. शहाण्याच्या विरुद्ध 'नाइस'! आजचा अर्थ धरला तर ओळ निरर्थक होते. चॉसरने तिथे यमक जुळवलंय तेही 'व्हाइस' म्हणजे दुर्गुण या शब्दाशी.

शेक्सपिअरच्या काळात चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या पाचव्या अंकातला दुसरा प्रवेश घ्या. रोमिओला पाठवलेलं पत्र पोचलंच नाही हे कळल्यावर फादर लॉरेन्स हादरतो आणि म्हणतो की ते पत्र 'नाइस' नव्हतं, त्यात फार मोलाचा मजकूर होता. आजच्या वाचकाला वाटेल की पत्र चांगलं नव्हतं. प्रत्यक्षात तो म्हणतोय की ते पत्र क्षुल्लक नव्हतं. सगळी शोकांतिका ज्या पत्रावर अडली आहे त्याचं वजन या एका शब्दात आहे, आणि अर्थ चुकला की नेमकं तेच निसटतं. याच नाटकाच्या तिसऱ्या अंकात बेनव्होलिओ मारामारीचं वर्णन करताना भांडण किती 'नाइस' होतं असं म्हणतो. तिथेही अर्थ 'किती फालतू' असाच.

पण त्याच शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ'मध्ये शेवटच्या अंकात राजा फ्रेंच राजकन्येला सांगतो की 'नाइस' रीतिरिवाज थोर राजांपुढे मान तुकवतात. लग्नाआधी चुंबन घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही, असं तिचं म्हणणं असतं. इथे 'नाइस' म्हणजे सोवळे, नको तितके काटेकोर. एकाच लेखकाच्या हातात दोन पूर्ण वेगळे अर्थ.

जेन ऑस्टिनने या शब्दाची थट्टा केली होती, हे खरं का?

खरं. तिची 'नॉर्थँगर ॲबी' ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, 1817 च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. त्यात कॅथरिन एका कादंबरीला 'नाइस' म्हणते आणि हेन्री टिल्नी तिला चिडवतो: दिवस नाइस, फिरणं नाइस, तुम्ही दोघी मुलीही नाइस, हा शब्द कशालाही चालतो! पूर्वी म्हणे तो फक्त नेटकेपणा, औचित्य आणि नाजूक अभिरुची दाखवायला वापरत, आता कुठल्याही विषयावरची स्तुती या एकाच शब्दात.

या प्रसंगातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे टिल्नीचा स्वतःचाच अंदाज. मूळ अर्थ 'नेटका' असावा असं तो म्हणतो. पण तो अर्थही मधल्या काळातला, त्याच्या मागे 'मूर्ख' उभा होताच. शब्दाचा शुद्ध अर्थ सांगणारा माणूस बहुतेक वेळा आपल्या आजोबांच्या काळातला अर्थ सांगत असतो.

आणि ऑस्टिन स्वतः जुना अर्थही सहज वापरते. 'पर्स्वेजन'मध्ये मिस्टर एलियट म्हणतो की चांगल्या मंडळींना कूळ, शिक्षण आणि रीतभात हवी, पण शिक्षणाच्या बाबतीत ती फार 'नाइस' नसतात. म्हणजे फार काटेकोर नसतात.

मूळ अर्थ 'मूर्ख' असेल, तर कुणाला 'नाइस' म्हणणं अपमान नाही का?

अजिबात नाही. हे ठासून सांगायला हवं, कारण 'नाइसचा खरा अर्थ मूर्ख आहे' असं सांगणारे संदेश सतत फिरत असतात. शब्दाचा खरा अर्थ म्हणजे आज तो बोलणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना जो कळतो तो. व्युत्पत्ती शब्दाचा प्रवास सांगते, त्याच्यावर हुकूम चालवत नाही.

आपल्याकडेच पाहा. 'राग' संस्कृतात रंग, प्रेम, आसक्ती. 'अनुराग'मध्ये तो अर्थ अजून आहे. पण मराठीत कुणी रागावलं तर ते प्रेमात पडलं असं कुणी समजत नाही. 'शिक्षा' संस्कृतात शिकवणं, मराठीत दंड. 'साहस' जुन्या धर्मशास्त्रात बळजबरीचा गुन्हा, आज तो गुण. मूळ अर्थच खरा मानायचा तर आपल्याला तोंड उघडणं कठीण होईल.

असं आणखी कोणत्या इंग्रजी शब्दांचं झालं?

पुष्कळ. वाईटाकडून चांगल्याकडे जाण्याला मराठीत अर्थोत्कर्ष म्हणतात आणि उलट्या प्रवासाला अर्थापकर्ष. 'प्रिटी' आधी धूर्त होता, 'फाँड' आधी खुळा होता, 'श्रूड' आधी दुष्ट होता. तिघांचाही उत्कर्ष झाला.

'नाइस'शेजारी ठेवून पाहावा असा शब्द मात्र 'सिली'. जुन्या इंग्रजीत त्याच्या पूर्वजाचा अर्थ होता सुखी, धन्य. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'झेलिश' आजही 'धन्य' याच अर्थाचा आहे. इंग्रजीत मात्र तो धन्यवरून पुण्यशील, मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा आणि शेवटी मूर्ख असा खाली आला. 'नाइस' ज्या जिन्याने वर चढला, त्याच जिन्याने 'सिली' उतरला, आणि मधे 'भोळा' या पायरीवर दोघांची गाठ पडली असणार.

जुना 'काटेकोर' अर्थ आज कुठे उरला आहे?

कायदा, तत्त्वज्ञान आणि टीकालेखन यांत. 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे छान फरक नव्हे, अतिशय सूक्ष्म फरक. 'अ नाइस पॉइंट ऑफ लॉ' म्हणजे कायद्याचा असा बारीक मुद्दा, की ज्यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. अनुवाद करणाऱ्यांनी इथे फार सावध राहावं. 'छान मुद्दा' असं भाषांतर केलं, तर निकालपत्रातल्या वाक्याचा अर्थच जातो.

'नाइसटी' या नामातही तो अर्थ टिकला आहे. अनेकवचनी वापरला की त्याचा अर्थ होतो बारकावे किंवा शिष्टाचाराचे बारीक नियम. 'टू अ नाइसटी' म्हणजे अगदी तंतोतंत. चांगुलपणा सांगायचा असेल तर 'नाइसनेस' हे वेगळं नाम आहे, या दोघांची अदलाबदल होत नाही.

'नाइस अँड वॉर्म'मध्ये 'नाइस' काय करतो?

तो पुढच्या विशेषणाला जोर देतो. 'मस्त उबदार' म्हणतो ना, तसं. 'अँड' असलं तरी इथे दोन वेगळी वर्णनं नसतात आणि बोलताना ते जवळजवळ एकाच शब्दासारखं येतं. मात्र पुढची गोष्ट हवीशी असावी लागते. 'नाइस अँड क्लीन' सहज म्हणतात, 'नाइस अँड डर्टी' कुणी म्हटलं तर ते मुद्दाम असतं.

निबंधात हा शब्द टाळा, असं शिक्षक का सांगतात?

कारण तो काहीच नेमकं सांगत नाही. 'पुस्तक नाइस आहे' यातून पुस्तकाबद्दल काही कळत नाही, फक्त लिहिणाऱ्याला ते आवडलं एवढं कळतं. फाउलरने 1926 च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशातही हीच तक्रार केली होती की या शब्दाचं व्यक्तिमत्त्व हरवून त्यात एक पुसट गोडवा तेवढा उरला. (त्याने त्याचं खापर बायकांवर फोडलं. तो त्या काळचा पूर्वग्रह, तो सोडून द्यावा.)

वर्णनात्मक लेखनापुरता हा सल्ला मला पटतो. तिथे काय छान आहे तेच लिहावं: भाषा ओघवती आहे, हवा कोरडी आणि गार आहे, माणूस तुमचं बोलणं पूर्ण ऐकून घेतो. पण बोलण्यातून हा शब्द हद्दपार करायचं कारण नाही. दुसऱ्याशी चार शब्द बोलताना प्रत्येक वेळी नेमकेपणा लागत नाही, आपुलकी लागते, आणि ती पोचवायला हा शब्द उत्तम आहे. संवादात तो काढून 'डिलाइटफुल' किंवा 'स्प्लेंडिड' घातलं की बोलणं उगाच पुस्तकी होतं.

फ्रान्समधल्या नीस शहराशी याचा संबंध आहे का? स्पेलिंग तर एकच आहे.

काही संबंध नाही. ते शहर प्राचीन ग्रीकांनी वसवलं. त्याचं ग्रीक नाव 'निकाया', विजयाची देवता 'निकी' हिच्यावरून. 'पुतणी किंवा भाची' या अर्थाचा 'नीस' हाही वेगळा. तो लॅटिनमधल्या 'नेप्टिस'पासून आला, आणि संस्कृतातली 'नप्ती' म्हणजे नात ही त्याची सख्खी नातेवाईक.

उच्चाराची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. चॉसर आपला शब्द 'नीस'च्या जवळपासच उच्चारत असे. पुढे साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर सरकले आणि दीर्घ 'ई'चा 'आइ' झाला. 'टाइम', 'लाइफ', 'माइस' यांच्याबरोबर 'नीस'चाही 'नाइस' झाला. शहराचं नाव फ्रेंच राहिलं, म्हणून ते सरकलं नाही.

जुन्या पुस्तकात 'नाइस' आला तर अर्थ कसा ठरवायचा?

आधी पुस्तकाचा काळ पाहावा. पंधराव्या शतकाच्या आधीचं लेखन असेल तर 'मूर्ख' किंवा 'चंचल' धरून वाचायला सुरुवात करावी. सोळावं-सतरावं शतक सगळ्यात कठीण, तिथे टिपा असलेली आवृत्तीच घ्यावी. अठराव्या शतकात 'चोखंदळ' आणि 'सूक्ष्म' हे अर्थ आधी लावून पाहावेत.

मग शब्द कशाला लागला आहे ते पाहावं. भेद, प्रश्न, मुद्दा, हिशेब, तोल, कान, नजर अशा नामांना लागला असेल तर तो बहुधा 'सूक्ष्म' किंवा 'तीक्ष्ण'. 'नाइस इअर' म्हणजे छान दिसणारा कान नव्हे, सुरातला बारीक फरक पकडणारा कान. माणसाला लागून पुढे 'अबाउट' आला असेल, म्हणजे अमक्याबद्दल नाइस, तर त्या बाबतीत चोखंदळ किंवा सोवळा. आणि नुसता दिवसाला, घराला, फेरफटक्याला लागला असेल तर तो आपला ओळखीचा 'छान'.

संगणकावर 'नाइस' नावाची आज्ञा असते, तिचा याच्याशी काय संबंध?

युनिक्स आणि त्याच्या धर्तीवरच्या प्रणालींत एखादा प्रोग्रॅम किती प्राधान्याने चालवायचा हे या आज्ञेने ठरवतात. लिनक्सवर हा आकडा उणे 20 ते 19 पर्यंत असतो. आकडा जितका मोठा, तितका तो प्रोग्रॅम 'नाइस', म्हणजे इतरांना आधी जाऊ देणारा. अर्थ 1830 च्या सुमाराचाच, दुसऱ्यांशी भलेपणाने वागणारा. साध्या वापरकर्त्याला सहसा हा आकडा वाढवता येतो, कमी करायला प्रशासकाचे अधिकार लागतात.